बसण्याची व्यवस्था

१६ जून

"नाव हजेरीत होतं, आम्ही पडवीत होतो."

माझे वडील हे एकदाच म्हणाले होते. मी बी.ए. झाले त्या दिवशी, हातात पेढा धरून. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गावात आणि कागदावर ते रावसाहेब. परभणीकडच्या त्यांच्या गावात शाळा एका खोलीची होती आणि आमच्या वस्तीतल्या पोरांची जागा त्या खोलीबाहेर. मास्तर चांगला होता, असंही ते म्हणाले. पायांवर ऊन आलं की आतूनच हाक मारायचा, पोरांनो, सावलीत सरका. एवढं सांगून दादा हसले, पेढ्याचे दोन तुकडे केले आणि मोठा आईला दिला.

आज शाळेच्या फाटकात ते वाक्य का आठवलं, कळत नाही. दिवस तसा चांगला होता. प्रिया चौथीत गेली.

तिसरीपर्यंतचे वर्ग तळमजल्यावर भरतात. चौथीपासून दुसऱ्या मजल्यावर, आणि शाळेला लिफ्ट नाही. अभयनं कंपनीत शिफ्ट बदलून घेतली. तो तिला उचलून पुढे, मी घडी केलेली व्हीलचेअर घेऊन मागे. आमच्या संघप्रियाला सेरेब्रल पाल्सी आहे. पाय तिला धरत नाहीत आणि शब्द उशिरा येतात. येतात मात्र. वर्गात तिचं नाव घेतलं की 'हजर' बाहेर यायला वेळ लागतो. तोवर सगळी मुलं बाकावर बोटांनी हळूहळू ताल धरतात आणि तिचा शब्द आला की थांबतात. कोणी शिकवलं नाही त्यांना. पहिलीपासून असंच चाललंय.

जिन्यात वरच्या वर्गातला एक मुलगा ओरडला, "पोतं आलं रे, पोतं." बरेच जण हसले. अभयही हसला. म्हणाला, "कशाचं गं प्रिया? कांद्याचं का बटाट्याचं?" प्रियाचं उत्तर येईपर्यंत दुसरा मजला आला.

"साखरेचं," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही. ऑफिसला पोचेपर्यंत तो शब्द डोक्यात होता.

१९ जून

प्रियाला विचारलं, बाबा उचलतात तेव्हा कसं वाटतं. ती म्हणाली, वरून दिसतं. काय दिसतं? जिन्याच्या खिडकीतून नव्या विमानतळाचा मनोरा, शेजारच्या गच्चीवरचा कुत्रा आणि बाबांचं टक्कल. मी तिच्या केसांतून हात फिरवला. म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नकोस, आई काहीतरी करेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग टीव्हीकडे.

२५ जून

मुख्याध्यापिका जयमाला मॅडमनी बोलावलं होतं. चहा मागवला. मुलगी फार गोड आहे म्हणाल्या, हुशार आहे म्हणाल्या, आणि उद्यापासून उचलून आणू नका म्हणाल्या. जिन्यात पडली तर जबाबदारी कोणाची? अभयनं सांगितलं, मी लिहून देतो, माझी. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहून द्याल हो, पण पेपरात नाव शाळेचं येतं. वाशीला तिच्यासारख्या मुलांची एक चांगली शाळा आहे, तिथं त्या स्वतः फोन करतील. नाहीतर नाव इथंच राहू दे, अभ्यास घरी करू दे, परीक्षेला त्या माणूस पाठवतील.

"आपल्याला काय, तिचं भलं बघायचंय," त्या म्हणाल्या.

मी कपाला हात लावला नव्हता. म्हटलं, "मॅडम, माझी मुलगी पोतं नाही. तिला उचलून आणावं लागतं ही शाळेची चूक आहे."

बाहेर आल्यावर अभय म्हणाला, पोत्याचं त्यांना कशाला सांगितलंस, त्या कुठं म्हणाल्या तसं. नेत होतो की मी उचलून, महिनाभर गप्प राहिलो असतो तर त्याही विसरल्या असत्या. तो असाच आहे. तळोज्याच्या कंपनीतही सगळं असंच सोसतो. मी म्हटलं, आपल्या दोन पिढ्या गप्प राहून झाल्या. 

वैजयंती संध्याकाळी अळूवड्या घेऊन आली. तिची क्षिप्रा प्रियाच्याच वर्गात. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. शाळेच्या पालक संघातही वैजयंती आहे. सगळं ऐकून माझ्याइतकीच चिडली. "टेन्शन नको घेऊस गं. मी आहे ना पालक संघात. तिथं काय चाललंय ते तुला कळत राहील."

एवढा आधार पुरतो माणसाला.

३ जुलै

बेलापूरला माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत चारुलता वकील बसतात. वयानं माझ्यापेक्षा लहान, दिव्यांगांच्या केसेस फी न घेता चालवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दोन हजार सोळाचा आहे, त्यातलं सोळावं कलम त्यांनी मला वाचून दाखवलं. प्रवेश नाकारता येत नाही, इमारत सोयीची करावी लागते, मुलाच्या गरजेप्रमाणे मदत द्यावी लागते. मला रडू येईल असं वाटलं. इतकी वर्षं मी ज्याची विनंती करत होते ते सरळ लिहून ठेवलेलं होतं.

तक्रारीचा मसुदा त्यांनी केला होता. त्यात एक वाक्य होतं, मुलीला इतर सर्व मुलांसोबत, त्यांच्या बरोबरीनं, एकत्र शिकता यावं. मी ते खोडलं. चारुलतांनी भुवया वर केल्या. मी त्यांना समजावलं की आस्थापना शाखेत माझी वीस वर्षं गेली आहेत. मागणी मोघम असली की वर शेरा बसतो, 'नियमानुसार कार्यवाही करावी', आणि फाइल बंद. जे मोजता येतं, दाखवता येतं, तेच मागायचं. वर्ग कसे भरवायचे हा शाळेचा अंतर्गत प्रश्न, त्यात हात घातला की समोरचा पहिली हरकत तिथंच घेतो. मी लिहिलं: संघप्रिया हिची बसण्याची व्यवस्था तळमजल्यावर करावी, प्रवेशद्वारास रॅम्प करावा, स्वच्छतागृह तिला वापरता येईल असं करावं, एक मदतनीस द्यावी.

चारुलता म्हणाल्या, "ताई, एकत्र शिकणं हा शब्द राहू दे. सगळा कायदा त्यावर उभा आहे."

मी म्हटलं, कायद्यात आहे ना? मग आपण कशाला पुन्हा लिहायचं?

त्यांनी थोडा वेळ पेन हातात फिरवलं आणि हो म्हणाल्या. मसुदा माझा चांगला असतो, आमचे साहेबही म्हणतात.

२० जुलै

प्रिया घरी. आई सांभाळते. सुंदराबाई म्हटलं की साऱ्या वस्तीला धाक होता, आता नातीबरोबर कार्टून बघत बसते. संध्याकाळी क्षिप्रा वह्या घेऊन येते. प्रियाचं बोलणं पहिल्या फटक्यात कळणारी ती एकटीच; प्रिया अर्धा शब्द म्हणते तोवर ही पुरा करून पुढे बोलत असते. मला कधीकधी हेवा वाटतो.

आज क्षिप्रानं सांगितलं की हजेरीत प्रियाचं नाव अजून येतं आणि वर्ग अजून ताल धरतो. बाईंनी थांबायला सांगितलं तरी थोडा वेळ वाजवतात. प्रिया इतकी हसली की तिला ठसका लागला.

वैजयंती तिला न्यायला आली होती. दारातच उभी राहिली. जाताना जिन्यात मला म्हणाली, क्षिप्राचा अभ्यास जरा मागे पडतोय, रोज नाही जमणार. मी म्हटलं, अगं साहजिक आहे.

६ ऑगस्ट

सुनावणी झाली, शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांपुढे. बेलापूरचीच इमारत, रोज जिच्यावरून जाते ती. प्रियाला नवा फ्रॉक घातला होता. चारुलता म्हणाल्या होत्या की मुलीनं स्वतः बोललं तर चांगलं, म्हणून घरी तयारी केली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, "काय बाळ, शाळेत जायचंय का तुला?"

प्रियानं सुरुवात केली. मला कळत होतं की ती 'हो' म्हणत नाहीये, काहीतरी लांब सांगायचं आहे. तोंड वाकडं झालं, हात वर गेला. शाळेच्या वकिलांनी मोबाइलमध्ये बघायला सुरुवात केली. टंकलेखक खिडकीबाहेर बघू लागला. अधिकारी हसून थांबले, मग नुसतेच थांबले, मग समोरचे कागद नीट केले. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "सर, ती म्हणतेय तिला शिकायचंय. खूप शिकायचंय."

"ठीक आहे, ठीक आहे," ते म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं.

प्रियानं तोंड मिटलं. तिच्या हनुवटीवरची लाळ मी पुसली. चारुलता बाहेर आल्यावर म्हणाल्या की छान झालं, साहेबांवर परिणाम झाला. स्टेशनजवळ प्रियाला आइसक्रीम दिलं, तिनं खाल्लं नाही. दमली असेल.

२९ ऑगस्ट

आदेश आला. आपल्या बाजूनं. माझा मसुदा शब्दाला शब्द उचललाय, बसण्याची व्यवस्था तळमजल्यावर करावी इथपासून मदतनीसपर्यंत. ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. आमच्या साहेबांनी आदेश वाचला आणि म्हणाले, याला म्हणतात नेमकं मागणं.

घरी आल्यावर दादांच्या फोटोपुढे एक पेढा ठेवला. अर्धा करून.

वैजयंतीला सांगितलं तर तिनं मिठीच मारली. वाचायला मागितला. म्हणाली, कौतुक वाटतं गं तुझं, आणि मोबाइलवर पानांचे फोटो काढले. पालक संघातल्या बायकांना दाखवते म्हणाली, प्रेरणा मिळते.

अभय एवढंच म्हणाला, "वर्ग खाली आणणार म्हणजे?" मी म्हटलं, नाहीतर काय. तळमजल्यावर चौथी. बाकीच्यांना दोन मजले चढायचे कमी झाले, उलट माझे आभार मानतील.

८ सप्टेंबर

शाळेनं रॅम्प केला. जयमाला मॅडमचा स्वतःहून फोन आला, सकाळी सगळ्यांनी या, छोटा कार्यक्रम आहे.

पूर्वी खेळाचं सामान ठेवायचे ती खोली. रंग दिलाय, भिंतीवर फुलपाखरं काढलीत, एसी बसवलाय. दारावर पाटी: समावेशक शिक्षण कक्ष. लाल फीत लावली होती आणि ती प्रियानं कापायची होती. तिच्या हातात कात्री ठरत नव्हती, मग मॅडमनी तिचा हात धरला. फीत कापली तेव्हा पालक संघानं टाळ्या वाजवल्या. वैजयंतीनं फीत बांधण्यापासून पेढ्यांपर्यंत सगळं केलं होतं, बिचारी सकाळपासून उभी होती. एका स्थानिक पेपरचा माणूस आला होता. फोटोत आम्ही तिघं, मॅडम, कात्री.

आत एकच बाक होता. मला वाटलं बाकीचे दुपारपर्यंत आणतील.

९ सप्टेंबर

बाक आणले नाहीत.

१० सप्टेंबर

मॅडमना भेटले. त्यांनी कपाटातून आदेश काढून टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर एकेक ओळ वाचत गेल्या. तळमजला, झाला. रॅम्प, झाला. स्वच्छतागृह, झालं, आत टाइल्ससुद्धा नव्या. मदतनीस, ठेवली, उद्यापासून येईल. एसी तर यात लिहिलेलाच नाही, तो आम्ही आमच्याकडून.

"आणि मुलं?" मी विचारलं.

"कुठली मुलं?"

"चौथीचा वर्ग, मॅडम. तो खाली यायला हवा ना."

त्यांनी आदेश माझ्याकडे फिरवला. आवाज चढवला नाही. "कुठं लिहिलंय, दाखवा. मी आजच आणते."

मी वाचला. चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचला. ते सगळे माझेच शब्द होते. मला ते पाठ होते.

त्या म्हणाल्या की पालक सभेत हा विषय झाला, बाकीचे पालक वर्ग खाली आणायला तयार नाहीत. खाली रस्त्याचा आवाज, डास, आणि एका मुलीसाठी सगळ्यांचा अभ्यास अडायला नको. सभा कधी झाली? मागच्या शुक्रवारी. मला निरोप नव्हता. त्या म्हणाल्या, तुमच्याबद्दलच बोलायचं होतं, तुम्हाला संकोच वाटला असता.

घरी येऊन वैजयंतीकडे गेले. ती कणीक मळत होती. सभेला होतीस का, विचारलं. होते ना, म्हणाली. मग कणकेकडेच बघत म्हणाली, "खरं सांगू? काही जण तर टीसीच द्या म्हणत होते. मी होते म्हणून निदान हवेशीर खोली मिळाली गं."

मी तिचे आभार मानले.  

१३ सप्टेंबर

चारुलता म्हणतात, ही खोली सरळसरळ कायद्याच्या विरुद्ध आहे. वेगळं बसवणं म्हणजे समावेशक नव्हेच, व्याख्येतच आहे. पुन्हा अर्ज करू, जिंकू. मला त्यांनी एका शब्दानंही टोचलं नाही, त्याचाच त्रास होतो. तारीख जानेवारीची मिळाली. तोवर प्रियाला खोलीत बसवा, गैरहजर ठेवू नका, नाहीतर ते म्हणतील पालकांनाच नको आहे.

म्हणून बसवते.

२४ सप्टेंबर

खोलीतला दिवस असा: मदतनीस बाई दारापाशी खुर्ची टाकून मोबाइल बघते. वाईट नाही ती, प्रियाला पाणी पाजते, बाथरूमला नेते. वर जे शिकवलं जातं त्याच्या फळ्याचे फोटो मधल्या सुट्टीनंतर येतात. सुट्टीत मुलं मैदानावर जातात तेव्हा खोलीचं दार लावतात, एसीची हवा जाते म्हणून. दाराला काच आहे. पहिले काही दिवस मुलं काचेला नाक लावायची. मग काचेवर आतून फुलपाखरं चिकटवली.

शाळेचं ॲप आहे, त्यात हजेरी दिसते. आज पाहिलं तर प्रियाच्या नावापुढे 'उपस्थित' अशी हिरवी खूण होती. आम्ही अजून घरीच होतो, मी तिचे बूट घालत होते.

चौकशी केली. वर नाव घेत नाहीत आता. ती खाली असतेच, म्हणून बाई आधीच लावून टाकतात.

२८ सप्टेंबर

संध्याकाळी आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "संघप्रियाऽ, जेवायला चल गं." प्रिया सोफ्यावर होती. तिचं तोंड हलायला लागलं. आईनं ताट वाढलं, मी पाणी भरलं, अभयनं पंखा लावला, आणि मग तिचा शब्द आला.

"हजर."

अभय उठून गॅलरीत गेला.

६ ऑक्टोबर

आईला खोली बघायची होती. मी टाळत होते. आज ती पांढरी साडी नेसून तयारच बसली. तीच साडी, चौदा एप्रिलला आणि विजयादशमीला नेसते ती. सोबत घेऊन गेले.

मॅडमनी तिला नमस्कार केला, स्वतः दार उघडून दाखवलं. एसी, टाइल्स, फुलपाखरं. आईनं सगळं बघितलं. भिंतीवरून हात फिरवला. प्रियाच्या बाकावर जरा टेकली, उठली. मॅडम म्हणाल्या, "कशी वाटली खोली, आजी?"

"पडवी झ्याक हाय," आई म्हणाली.

मॅडमना कळलं नाही. त्या हसल्या.

रिक्षात मी आईशी भांडले. काहीही काय बोलतेस, कुठं ते दिवस आणि कुठं हे, इथं आपल्याला जात कोणी विचारली का, वर वकील लढतेय, कायदा आहे. आई बाहेर बघत होती. म्हणाली, "म्या कुठं काय म्हनलं? चांगली हाय म्हनलं की. तुझ्या दादाच्या टायमाला एवढी गार नव्हती."

२ नोव्हेंबर

बरेच दिवस काही लिहिलं नाही. दिवाळीत वैजयंतीकडून फराळ आला, क्षिप्रा आली नाही. तिला क्लास लावलाय. प्रियानं तिच्यासाठी रंगवलेली पणती माझ्याकडे दिली, मी वर नेऊन दिली. वैजयंतीनं ती टीव्हीशेजारी ठेवली, मोठ्या मूर्तीच्या मागे.

प्रियाचं बोलणं कमी झालंय. थेरपिस्ट म्हणतात जबडा जास्त ताठर झालाय. बोलत राहायला हवं, म्हणतात, समवयस्क मुलांशी.

१४ नोव्हेंबर

बालदिन. मी रजा घेतली होती कारण मॅडमनी बोलावलं होतं, "सरप्राइज आहे."

मूल्यशिक्षणाचा तास खोलीत ठेवला होता. विषय सहसंवेदना. चौथीचा सगळा वर्ग रांगेनं खाली आला. प्रियानं त्यांना बघितलं आणि तिचे दोन्ही हात उडाले, खूप आनंद झाला की उडतात तसे. बाईंनी मुलांना दाराबाहेर उभं केलं. एकेकानं आत यायचं, स्वतः बनवलेलं कार्ड द्यायचं, 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर जायचं. फोटो काढायला पालक संघाची बाई होती. वैजयंती नव्हती, तिला बरं नाही म्हणे.

मुलं नीट वागली. फार नीट. पहिलीपासून जी हिच्या डब्यातलं खायची, हिची खुर्ची मैदानात पळवायची, ती पाहुण्यासारखी आली. कार्डावर फुलं, व्हीलचेअर, सूर्य. एकानं वाकून नमस्कार केला, त्याला कोणीतरी तसं सांगितलं असेल.

क्षिप्रा शेवटून तिसरी होती. कार्ड पुढे धरून म्हणाली, "आम्ही तुझ्यासोबत आहोत." प्रियाचं तोंड हलायला लागलं. क्षिप्रा थांबली. मला दिसलं की तिला कळलंय, नेहमीसारखं पहिल्या अक्षराला कळलंय, आणि ती ते पुरं करणार आहे. तिचे ओठ उघडले. मग तिनं बाईंकडे बघितलं. मागच्या मुलीनं ढकललं. बाई म्हणाल्या, चला, रांग अडवू नका.

क्षिप्रा पुढे गेली. दाराबाहेर कोणीतरी चौकटीवर बोटांनी ताल धरला, अगदी हळू. दोघातिघांनी उचललाही. "ए, शांत," बाई म्हणाल्या, आणि तो थांबला.

प्रियाचा शब्द त्यानंतर आला. तोवर खोलीत मी आणि मदतनीस बाई होतो.

मला तो कळला नाही. पुन्हा म्हण, म्हटलं. तिनं पुन्हा म्हटला नाही.

१८ नोव्हेंबर

प्रिया शाळेत जायला तयार नाही. बूट घालू लागले की पाय ताठ करते. रडत नाही. रडली असती तर समजूत घालता आली असती.

आज मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, आज मी मधे बोलणार नाही, तुला जे सांगायचंय ते पूर्ण सांग. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल. आणि बसून राहिले. मधे फोन वाजला, उचलला नाही. आई दारात येऊन उभी राहिली. प्रियानं कितीदा सुरुवात केली आणि सोडली. मला प्रत्येक वेळी वाटत होतं की कळलं, आणि मी जीभ दातांत धरली.

मग ती म्हणाली, "मला परत पोतं कर."

२० नोव्हेंबर

अभय म्हणाला, उचलीन मी, त्यात काय. पण त्याची शिफ्ट आता बदलून मिळत नाही आणि कंबर धरलीय. म्हणून मी सराव करतेय. आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यापर्यंत, लिफ्ट असताना. जूनपासून तिचं वजन वाढलंय, बसून बसून. पहिल्या दिवशी मधेच टेकावं लागलं. आज टेकले नाही. वैजयंती वरून उतरत होती, भिंतीला चिकटून वाट दिली. "जपून गं," म्हणाली. प्रिया माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होती, वरून.

लँडिंगवर मी विचारलं, कशाचं पोतं?  ती हसली.

चारुलतांना सांगितलं, खोली सोडून तिला वर नेणार म्हणून. त्या मग म्हणाल्या, "ताई, हे लिहून दिलंत तर जानेवारीत माझ्या हातात काही उरत नाही. तेच म्हणतील, आईनं स्वतः खोली नाकारली." मी म्हटलं, माहीत आहे. त्या म्हणाल्या, आणि ते तरीही नाही म्हणतील. मी म्हटलं, तेही माहीत आहे. जूनमध्ये जबाबदारीचं कारण होतं. आता तर आदेश आहे. तळमजला सोडला तर आदेशाचा भंग होतो, असं मॅडम म्हणतील, आणि कपाटातून काढून दाखवतील.

तरी मसुदा केला. वीस वर्षांत इतका मोघम मसुदा माझ्या हातून झाला नसेल. उद्या सकाळी घेऊन जाते. इथं उतरवून ठेवते.

मा. मुख्याध्यापिका यांस,

माझी मुलगी संघप्रिया हिच्यासाठी आपण केलेल्या तळमजल्यावरील खोलीवरचा हक्क मी स्वखुशीनं सोडत आहे. मी तिला रोज स्वतः, माझ्या जबाबदारीवर, उचलून दुसऱ्या मजल्यावर आणीन आणि उतरवीन. जिन्यात कोणी काही म्हणालं तर माझी तक्रार असणार नाही. रॅम्प, मदतनीस, एसी यांपैकी काही नको. तिला इतर मुलांसोबत बसू द्यावं. हजेरीला तिचं नाव मोठ्यानं घ्यावं आणि ती उत्तर देईपर्यंत थांबावं, एवढीच विनंती.